आई गच्चीवर गेली, तिची हकिकत

गारखेडा, १४ डिसेंबर

तीर्थस्वरूप सखाराममामांस,

सुदर्शनचा साष्टांग नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? मामी प्रेशरची गोळी वेळेवर घेतात ना? आमच्याकडं सगळं बरं आहे, आणि आईबद्दल सविस्तर लिहायलाच बसलो आहे.

शेत सोडून इथं आल्यापासून तुमची बहीण खिडकीशी बसून असायची, हे तुम्हाला ठाऊक आहेच. बोलायला गेलं तर हं, जेवायला वाढलं तर हं. गणपतीत तुमच्या भाचेसुनेनं, मंजुषानं, गच्चीवरच्या कुंड्यांत केल लावली. (केळ नव्हे मामा, केल. कोबीच्या भावकीतली विलायती पालेभाजी, गड्डा न धरणारी. चितेगावला आमच्या कंपनीतल्या डॉक्टरांनी मला खायला सांगितलेली.) मी मायेनं रोज पाणी घातलं, म्हणजे लई घातलं. सहा रोपं सडली, उरलेल्या चारांवर माव्याची कीड पडली. मी मोबाइलवर औषध शोधत होतो, आणि वर्षभरात एकदाही जिना न चढलेली आई कठडा धरून वर आली.

"बुडवून मारलीस व्हय रं लेकरं?" एवढंच म्हणाली.

मग खाली बसली. रिठ्याच्या पाण्यात फडकं भिजवून तिनं एकेक पान मागून-पुढून पुसलं, तान्ह्या बाळाचे कान पुसावेत तसं. दोन तास. मी नुसता तांब्या धरून उभा (इंजिनिअर असून). पंधरा दिवसांत झालरीसारखी कुरळी, निळसर हिरवी पानं. खालची खुडायची, शेंडा राखायचा, म्हणजे झाड देतच राहतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. थंडी पडल्यावर पान गोड झालं, तेही तिनं देठ चावून आधी ओळखलं. मंजुषा सॅलड करणार होती. आईनं लसूण आणि शेंगदाण्याचा कूट घालून भाजी परतली आणि स्वतः दीड भाकर खाल्ली. मामा, मी उठून तोंड धुऊन आलो.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
सुदर्शन

ता. क. : खरं काम हे, की उरलेल्या बियांतून स्वतः वाढवलेली चाळीस रोपं घेऊन आई रविवारी देवगावला तुमच्याकडं येते आहे. विहिरीजवळचा एक वाफा मोकळा ठेवा.

दुसरा ता. क. : परतीचं तिनं काही सांगितलेलं नाही. तिला तिथंच राहावंसं वाटलं तर राहू द्या. मी रागावणार नाही. (थोडा रागावेन.)

तिसरा ता. क. : आईनं पत्र वाचून दाखवायला लावलं. "सोमवारी माघारी येणार हाय, लिही तसं," म्हणाली. "मला इथं कामं हायेत."