बायबलखाली एक रात्र

अवसरी खुर्द
२५ मार्च २०२६

ति. अक्कास,
धाकट्या योसेफचा सप्रेम सलाम, वि. वि.

हे पत्र काल लिहिलं आणि बाबांच्या शिस्तीप्रमाणे रात्रभर बायबलखाली ठेवलं. रागाचं बोलणं कागदावर उतरवायचं, सकाळी पुन्हा वाचायचं, मगच पाठवायचं. सकाळी वाचलं, राग तेवढाच आहे.

जुन्नरच्या कब्रस्तानातून बाबांच्या कबरीचा दगड चोरीला गेला. चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकलाय. दगड टेम्पोत चढवणारा कोण, तर आपल्या शेजारच्या बाजीरावचा कपिल. ज्या घरचं ताक पिऊन आपण वाढलो, त्या घरचा पोरगा. त्याचं नाव घालून फोटो काल दुपारीच सगळीकडे पाठवला. आता गप्प बसायचं नाही, असंही लिहिलं. ईस्टर अकरा दिवसांवर आलाय, कब्रस्तानातल्या पहाटेच्या उपासनेला आपण कशापुढे उभं राहायचं? तू पाच मिनिटांवर राहतेस आणि तुला पत्ता नाही. बटणांच्या फोनमुळे तुझं बरं आहे बाई.

गुडघा धड नाही, नाहीतर आलोच असतो. रागात असलो तरी लोभ कमी झालेला नाही, हे जाणून असावे.

तुझा,
योसेफ


जुन्नर
२७ मार्च

चि. योसेफ यास आशीर्वाद.

तुझं पत्र आज मिळालं. तुझा फोटो त्याआधीच इथे पोचला होता.

दगड मी दिला होता. अक्षरं झिजली होती, बाबांचं नाव बोटांनाही लागत नव्हतं. बाजीरावकडून ते नव्याने कोरून घ्यावं, ईस्टरला बघून तुला आनंद व्हावा, म्हणून कळवलं नाही. ती माझी चूक. कपिलने दगड उचलला तेव्हा मी शेजारीच उभी होते. फोटोच्या डाव्या कडेला नीट बघ, माझ्या पदराचं टोक दिसेल.

काल संध्याकाळी सात-आठ जण बाजीरावच्या अंगणात शिरले. त्यांतले दोघे आपल्या मंडळीतले, एकाला तर मी संडे स्कूलमध्ये शिकवलंय. आरडाओरडा ऐकून मी धावले तोवर व्हायचं ते झालं होतं. कपिलचा उजवा हात मनगटात मोडलाय. अक्षरं कोरतो तो हात. पहिल्यासारखा होईल की नाही, डॉक्टरांना आत्ता सांगता येत नाही. बाबांचा दगड नव्या अक्षरांसकट तयार होता. तिथल्याच हातोड्याने त्याचे दोन तुकडे केले. तुझा फोटो येईपर्यंत तो शाबूत होता, योसेफ.

कपिलच्या आईने, फुलाबाईने, मलाच पाणी दिलं आणि म्हणाली की ताई, तुमी आदी बसा, तुमाला काय झालं तर आमी कुनाकडं बगायचं. मला मान वर करता आली नाही.

पत्र तू रात्रभर बायबलखाली ठेवलंस. फोटो किती वेळ ठेवला होतास?

माया आहे म्हणूनच एवढं लिहिलं.
अक्का


अवसरी खुर्द
३० मार्च

ति. अक्कास सलाम. लिहायला हात धजत नाही.

पदर दिसला. हिरवा, पिवळ्या काठाचा. नाताळात मीच दिलेली साडी. फोटो शंभर वेळा बघितला होता, पण बघितला तो फक्त कपिलचा चेहरा.

ग्रुपवर खरं काय ते लिहिलं, स्वतःच्या नावाने. संतापायला शेकडो धावले होते, हे वाचायला चार माणसं आली. एकाने लिहिलं, योसेफ घाबरला. दुसऱ्याने लिहिलं, कपिलने या वेळी दगड नेला नसेल, पण नेला असता. ते वाचून मी हादरलो, कारण आठवड्यापूर्वी मीही तेच लिहिलं असतं. आणि फेब्रुवारीत शांत डोक्याने आशा धरून राहण्यावर उपासनेत पाऊण तास बोललो तोही मीच. पोलिसांकडे जबाब दिलाय, त्यात पहिलं नाव माझं सांगितलं.

उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, सकाळच्या एसटीने येतो. आधी कपिलकडे, मग चर्चला. दार उघडतील का, याचंच भय वाटतं.

मायेला पात्र नसलेला,
योसेफ


जुन्नर
७ एप्रिल

चि. योसेफ यास आशीर्वाद.

गुडघा शेकतोस ना? शुक्रवारी तू उंबऱ्याशी उभा राहिलास आणि कपिलने भिंतीकडे तोंड फिरवलं, ते तुला लागलं, हे मी पाहिलं. त्याने क्षमा करावी म्हणून मी त्याला एक शब्दही बोलणार नाही. मागणं आपलं काम, द्यायची की नाही ते त्याचं. बाजीरावने तुकडे जोडून दगड बसवला आणि भेग बुजवू का विचारलं, तेव्हा तू नको म्हणालास, ते बरं केलंस. ईस्टरच्या पहाटे त्या भेगेपुढे गाताना मंडळीचा आवाज खाली गेला होता.

काल कपिल आला. हात गळ्यात अडकवलेला. डाव्या हाताने पत्ता लिहिलेलं, तुझ्या नावाचं पाकीट त्याने ओट्यावर ठेवलं. बाबांची शिस्त त्याने माझ्याकडूनच ऐकलेली. म्हणाला की आत्या, लई वंगाळ लिवलंय, तुमच्या बायबलाखाली एक रात ठिवा, सकाळी येऊन सांगतो. आमी बुद्धाला मानणारे, चालंल का, असंही विचारलं. चालेल म्हटलं.

आज सकाळी तो आला आणि म्हणाला की पाठवा, त्यातलं काय बी खोडायचं न्हाई.

पाकीट सोबत आहे. मी वाचलेलं नाही. पण त्याने कुणाचा फोटो टाकला नाही, चार पोरं गोळा केली नाहीत. हात मोडलेला असताना तुला पत्र लिहिलं आणि एक रात्र थांबला. माझी सगळी आशा आज त्या पाकिटात आहे.

बसून वाच. उत्तर लिहिशील, तेही एक रात्र ठेव.

तुझ्यावर लोभ आहेच, आता तुझाही त्याच्यावर असू दे.
अक्का