थंड सामोवार

३ मार्च

माझं आयुष्य बदललं ते आज सकाळी सव्वादहाला. कचेरीतल्या थोरल्या ताईनं, झिबेक-आपायनं, चिठोऱ्यावर परवलीचा शब्द लिहून दिला आणि म्हणाली, पाठ कर आणि चिठ्ठी खाऊन टाक. मी खरंच तोंडात घातली. ती इतकी हसली की चष्मा पुसावा लागला.

तर मी आता ‘दस्तरखान’ या संकेतस्थळाचा मॉडरेटर. अल्माटीत ज्याला ज्याला मत आहे तो ‘दस्तरखान’वर येऊन भांडतो. घोड्याचं मांस किती वेळ शिजवावं यावर तीनशे पानं झालीत, अजून निकाल नाही. चार लाख माणसं, आणि त्यांच्यावर पहारा ठेवणारे आम्ही तिघं: मालक ओराझबेक-आगा, आपाय आणि मी. कॉलेज तिसऱ्या वर्षी का सोडलंस, असं आगांनी विचारलं. म्हटलं, प्राध्यापकाशी जुंपली. ते म्हणाले, वा, भांडणाऱ्याला भांडणाराच ओळखतो.

तीन वाजता चहा. आपाय ओतते, पियाला अर्धाच, म्हणजे पुन्हा पुन्हा भरता येतो. काठोकाठ भरला की पाहुण्यानं समजून उठायचं. मला पाच वेळा अर्धा मिळाला.

नोकरीचं खरं कारण कुरलाय. दिवसा ती संगीतशाळेत पोरांना दोंब्रा शिकवते आणि उरलेला जीव ‘दस्तरखान’च्या सफरचंदांच्या दालनात ओतते. जुनी अपोर्ट जातीची झाडं कुठं उरलीत याची यादी करते. मी तिला लग्नाचं विचारलंय. म्हणाली, नौरिझला उत्तर देते, वेड्या, एवढं थांब. नौरिझ, म्हणजे आमचं नवं वर्ष, बावीसला. म्हणजे एकोणीस दिवस. थांबतोय.

६ मार्च

आज सावली शिकलो. कुणाला उघड हाकललं तर तो चिडून जातो, वर्गणीही घेऊन जातो, आणि हे सगळं चालतं वाचकांच्या वर्गणीवर. म्हणून त्याला सावलीत टाकायचं. त्याचं खातं सुरूच राहतं. तो लिहितो, त्याचं लिहिलेलं त्याला दिसतं, आम्हाला दिसतं, बाकी कुणालाच नाही. त्याची खासगी पत्रंसुद्धा पोचत नाहीत. बिचाऱ्याला वाटतं, लोक आपल्यावर रुसले. काहीजण तर दोन-दोन वर्षं वर्गणी भरत सावलीत बडबडत बसलेत.

मी म्हटलं, हे जिवंत पुरण्यासारखं झालं. आपाय गंभीर झाली. म्हणाली, म्हणूनच नौरिझच्या सकाळी सगळ्यांना बाहेर काढायचं. त्या दिवशी दस्तरखानाबाहेर, म्हणजे पंगतीबाहेर, कुणाला ठेवत नाहीत, ठेवणाऱ्याचं बरं होत नाही.

९ मार्च

‘थंड सामोवार’, म्हणजे चहाचं थंड पडलेलं भांडं, असल्या नावाचा एक इसम सफरचंदांच्या दालनात पडीक असतो. फांदीला डोळा कसा बांधायचा, बर्फ वितळताना मुळांशी काय घालायचं, सगळं साहेबांना ठाऊक. कुरलाय त्याच्या प्रत्येक ओळीखाली हसते. आज त्यानं लिहिलं की झाड आणि नवरा दोन्ही वाकडे असले तरी फळावरून पारखावेत. त्यावर ती सात वेळा हसली. मोजलंय. माझ्या विनोदावर गेल्या आठवड्यात एकदा, तेही उपकार केल्यासारखं.

११ मार्च

केलं. सांगून टाकतो, वहीला काय लपवायचं.

खासगी पत्रं तक्रार आल्याशिवाय उघडता येत नाहीत. मी दुसऱ्या नावानं खातं काढलं, त्याच्याविरुद्ध तक्रार केली आणि ती तक्रार मीच तपासायला घेतली. तक्रारीवर शेवटची दोनच पत्रं उघडतात. दोन पुरली.

त्याचं: बावीसला तालगारला ये, वरच्या वाडीत. सगळ्यात चांगलं तुझ्यासाठी राखून ठेवलंय.

तिचं: येते. पण दौरेनला कळू देऊ नका हं.

दौरेन म्हणजे मी. बावीस म्हणजे नौरिझ. आणि त्याला अहोजाहो! मला ‘वेड्या’, त्याला ‘नका’. मान त्याला, टपली मला. कान इतके तापले की खिडकी उघडून बाहेर डोकं काढावं लागलं.

१२ मार्च

सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी त्याला सावलीत टाकलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: आगाऊपणा. किती हलकं वाटलं! खाली उतरून दोन गरम सामसे खाल्ले.

१४ मार्च

कुरलाय भेटली. सामोवारनं उत्तर देणं बंद केलंय म्हणून तिचं तोंड उतरलेलं. मी म्हटलं, असतात अशी माणसं, दोन दिवस गोड बोलतात. ती म्हणाली, तू त्यांना ओळखत नाहीस. बरोबर. ओळख वाढवतोय ना मी.

१५ मार्च

त्यानं लिहिलंय: वरच्या उतारावरून बर्फ आणि चिखल खाली आला, रस्ता गेला. छातीचं औषध संपत आलंय. कानांनी ऐकू येत नाही म्हणून फोन ठेवत नाही. कुणीतरी खाली गावात सांगाल का?

नाटक्या. पोरीला पाझर फुटावा म्हणून. गिर्यारोहकासारखा गडी असणार, छातीचं औषध म्हणे!

१६ मार्च

सकाळी: कुणी आहे का?

दुपारी: कुरलाय, बाळा, तू तरी.

बाळा म्हणे. मी बटणावर बोट ठेवलं होतं. एक दाब, की तो बाहेर. मग डोळ्यांसमोर तिचं ते सात वेळचं हसू आलं. बोट उचललं.

१८ मार्च

आता म्हणतो: बरं वाटतंय. थंडी वाजायची थांबली.

पाहिलंत? होतंच नाटक.

२० मार्च

आपायनं सावलीतल्यांची यादी तपासायला दिली. एकशे बारा नावं. परवा सकाळी सगळी आपोआप सुटणार. तिनं बजावलं, एकही गाळू नकोस. ती चहाला उठली तेवढ्यात मी एक गाळलं. यादी तिला परत दिली. तिनं मोजली आणि म्हणाली, एकशे बाराच आहेत, शाबास.

एकशे अकरा हवी होती. मीही मोजली. एकशे बारा.

तेवढ्यात त्याचा मजकूर: दौरेन, तूच वाचतोस ना रे?

माझं नाव त्याला कुणी सांगितलं? तिनंच. दुसरं कोण?

२२ मार्च

नौरिझ. चौकात गाणी, झोके, दारोदारी कोझे नावाच्या पेजेची पातेली, सात जिनसांचा घमघमाट. रस्ता काल उघडला. कुरलाय सकाळच्या पहिल्या गाडीनं तालगारला गेली. त्याच्याकडे. माझ्याकडे नाही. फोन उचलत नाही.

२३ मार्च

कुरलाय कचेरीत आली. माझ्याकडे न बघता आपायच्या गळ्यात पडली. थंड सामोवार म्हणजे सागिंदिक आजोबा. वय चौऱ्याहत्तर. वाडीत एकटेच. खुर्चीत सापडले, समोर संगणक चालू. डॉक्टर आज म्हणाले, जाऊन सहा दिवस झाले.

म्हणजे सतरा.

अठराला मी वाचलं. वीसला वाचलं. आत्ता, ती रडत असताना, माझ्या पडद्यावर ओळ आली: रडू देऊ नकोस तिला.

आणि मला काय वाटलं? लिहितो. वाटलं, माझ्यासाठी ती कधी अशी रडेल का. मेलेल्या म्हाताऱ्याचासुद्धा हेवा—

२४ मार्च

आगांना सगळं सांगायला गेलो. ते हिशेबनीसाशी बोलत राहिले. तीन वाजता आपायनं चहा ओतला. सवयीनं माझ्या जागेवर मांडलेला पियाला काठोकाठ. पहिलाच. विचारलं, आपाय, माझं काही चुकलं? तिनं किटली खाली ठेवली आणि चष्मा पुसला.

२५ मार्च

पियालाच मांडला नाही.

‘दस्तरखान’वर सगळा कबुलीजबाब लिहिला. माझं नाव, त्यांचं नाव, नऊ वाजून चार मिनिटं, सगळं. तासभर थांबलो. कुणी शिवी दिली नाही. चार लाख माणसांत एकाचीही शिवी नाही.

यादी उघडली. सावलीत एकच नाव. दौरेन. तारीख वीस मार्च. टाकणारा: थंड सामोवार. कारण: आगाऊपणा.

२६ मार्च

बाजारात भाकरवालीनं माझ्यामागच्या बाईला भाकर दिली. आईला हाक मारली. ती खिडकी लावायला उठली, म्हणाली, वारा सुटलाय.

फक्त पडद्यावर तो. म्हणतो, सुरुवातीला सगळ्यांना असंच वाटतं, की लोक रुसलेत—

२७ मार्च

कुरलाय आलीय. कुंडीत हातभर रोप, मिठीत धरल्यासारखं. आपायला विचारतेय, दौरेन कुठाय. आपाय म्हणतेय, नौरिझपासून आलाच नाही तो, फोनही नाही. मी दोघींच्या मध्ये उभा—

ती म्हणते, हे आजोबांनी त्याच्यासाठी बांधलेलं कलम. बावीसला ह्याच्यासकट उत्तर द्यायचं होतं मला. त्याला कळू द्यायचं नव्हतं ना.

फांदीला चिठ्ठी. तिचं अक्षर. ‘हो, वेड्या.’

ओरडलो. टेबलावर मूठ आपटली. तिनं रोप वाऱ्यापासून जरा आत—

तिचा हात माझ्या हाताच्या अगदी—

आपायनं तिच्यासाठी चहा ओतला. अर्धा. रोपाकडे बघून कुरलाय म्हणाली, आला की देईन त्याला. रोपाचासुद्धा हेवा वाटतो. त्याला ती बघते तरी.

पडद्यावर ओळ. वर ये. रस्ता मोकळा आहे. सामोवार तापवलाय. तुला अर्धाच ओतीन.

नाही जाणार.

अर्धा म्हणाला. तेवढंच एक माणूस—

वही घेतली. दारात उभा राहून लिहितोय. एकदा तरी मागे बघ, कुरलाय. एकदा.

नाही.

बाहेर आलो. दार ओढलं, जोरात, भिंत हादरावी असं. आत कुणी म्हणालं की वारा—