बागेत पहिल्या दिवशी कोण रांधणार

१९ मे ९६, रविवार
आणि वर हे म्हणतात, चल की, तुलाही जरा हवा लागेल. कुणाला लागते हवा? मलिहाबादच्या बागेत हवा लागते आंब्यांना, नाहीतर खाटेवर पडलेल्या ह्यांना. मला धूर लागतो. सुट्टी म्हणे सुट्टी. घरी गॅस तरी आहे. तिथं चूल, ओली लाकडं आणि हातपंप. गेल्या साली बागेतून परत आले ते हात भाजून. पोळ्या लाटून लाटून खांदा धरला तो दिवाळीपर्यंत. कुणी विचारलं?

आज सरळ सांगितलं, ह्या वर्षी बागेत मी स्वैपाक करणार नाही. हे म्हणाले, "मग खायचं काय?" म्हटलं, "आंबे खा. बागेत काय कमी आहेत?"
विनयला हसू आलं. "मम्मी, बाहर खा लेंगे ना, चौराहे पर होटल है. टेन्शन काय?" पोटचा पोरगा, पण एक वाक्य मराठीत पुरं होत नाही.
सूनबाई, नेहा, इथली लखनौचीच. हळूच म्हणाली, "मम्मीजी सही कह रही हैं." शहाणी आहे. पण ती म्हणेल ते ह्या घरात ऐकतंय कोण.
ठरलं, शनि-रवि दोन दिवस जाऊन बघायचं. जेवण बाहेर.

२१ मे, मंगळ.
जाऊबाईंचा फोन, कराडहून. जूनमध्ये दशहरी आंबा पिकला की येते म्हणतात. भाऊजी गेल्यापासून इकडं पाऊल टाकलं नव्हतं. आवाज ऐकून बरं वाटलं. मग म्हणाल्या, "येते, पण चुलीपुढं बसायला आता गुडघे नाहीत गं माझे." म्हणजे सगळं मीच.

फोन ठेवला आणि कुकर लावला.

भाऊजी म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. एअरफोर्समध्ये होते, बदली लखनौला. तेव्हा ह्यांच्या बँकेतले एक खानसाहेब, बागवाले, म्हणाले, आमच्या बागेतल्या दोन खोल्या रिकाम्या असतात, चार दिवस राहा. तेव्हापासून दर साली जायचो, दोन्ही घरं मिळून; ते कराडला परतल्यावरही यायचे. पहिल्याच साली भाऊजींनी नियम काढला. बागेत पहिल्या दिवशी संध्याकाळचं पुरुषांनी करायचं. कमरेला टॉवेल बांधला आणि हुकूम सोडला, "बायकांनी खाटेवरून पाय खाली ठेवायचा नाही. ठेवला तर उद्याचंही आम्हीच करू." मग कोण ठेवतंय!

मी आणि जाऊबाई पाय वर घेऊन बसायचो. कैरीच्या फोडी, तिखटमीठ. समोर दोघे भाऊ चुलीशी झटापट करत. ह्यांनी ढवळायचं, भाऊजींनी मीठ घालायचं. एकदा पिठलं करायला घेतलं आणि ह्यांनी दुकानातून बेसन म्हणून सत्तू, म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, आणला. इकडं दोन्ही पुड्या शेजारी शेजारी असतात, रंग सारखाच. झालं. जितकं ढवळावं तितकं ते वाळूसारखं खाली बसे, घट्ट म्हणून होईना. जाऊबाई खाटेवरून ओरडल्या, "अहो, काय चाललंय?" भाऊजी गंभीर तोंड करून म्हणाले, "हे लखनौचं पिठलं आहे. तहजीब आहे त्याला. पहले आप, पहले आप करतंय, घट्ट कसं होणार?"
हसून हसून माझ्या पोटात कळ आली. ते पाणी आम्ही कांदा आणि कैरीशी ओरपलं. तशी चव परत कधी

असो. कुकर वाजला.

२३ मे, गुरु.
अमीनाबादच्या बाजारात जाऊन आले, दोन चादरी आणल्या. येताना रिक्षावाल्याशी भांडण. मागे एवढी गर्दी आणि हा पुढच्या रिक्षावाल्याशी गप्पा मारतोय.
बागेची पिशवी भरली. पोळपाट नाही, लाटणं नाही, मसाल्याचा डबा नाही, स्टोव्ह नाही. पिशवी अशी हलकी की दोनदा उघडून बघितली काय राहिलं. शेवटी लोणच्याची बरणी घातली. हे म्हणाले, "स्वैपाक नाही म्हणालीस ना?" लोणचं म्हणजे स्वैपाक होय? ह्यांना एवढंही कळत नाही.

२५ मे, शनि. बाग
पोचलो, आम्ही बसनं, विनय स्कूटरवर. लूचा गरम वारा असा की डोळे भाजतात. पण आमच्या खोल्यांवर त्या दोन मोठ्या झाडांची सावली आहे तशीच. कैऱ्या लोंबतात. रखवालदार रामदुलारे भेटला. दोन खाटा बाहेर काढून ठेवलेल्या, मडकं भरलेलं. चुलीपाशी लाकडं रचून ठेवलेली, सुकी, बारीक फोडलेली. ह्यांना म्हणाला, "बाबूजी, पहला दिन है. आप बनाएँगे ना? इस बार लकड़ी सूखी रखी है."
हे म्हणाले, "नहीं, रहने दो. बाहर खाएँगे."
आणि बागेत लांब निघून गेले. उन्हात, टोपी न घालता.

दुपारचं जेवण. चौराहा बागेपासून लांब, आणि आमच्याकडं वाहन म्हणजे विनयची स्कूटर. माणसं चार. पहिल्या खेपेला हे आणि नेहा. मग विनय परत येऊन मला घेऊन गेला. आम्ही पोचलो तर ह्यांचं जेवून झालं होतं, बडीशेप चघळत होते. आम्ही जेवलो तोवर ते दोघं बाहेर झाडाखाली उभे. मग परत त्याच खेपा. चार माणसांच्या जेवायला दोन पंगती, जसं काही लग्न आहे.

खोटं का लिहू. डाळ चांगली होती. आणि तंदुरी रोटी गरम गरम थेट माझ्या ताटात आली, मी न उठता. इतकी वर्षं झाली, माझ्या ताटात पोळी येते ती शेवटची, गार. आणखी एक मागितली. पोऱ्या म्हणाला, "अम्मा, और लाऊँ?" म्हटलं आण.

संध्या. परत तेच. मग बागेत आलो तर बसायचं कुठं हेच कुणाला कळेना. पूर्वी चूल पेटलेली असायची, सगळे आपोआप तिच्याभोवती. कुणी कांदा सोल, कुणी नुसताच लुडबुड कर. आज विनय ट्रान्झिस्टर कानाला लावून एकीकडं. नेहा पुस्तक घेऊन दुसरीकडं. हे झाडांत. मी खाटेवर. पाय वर घेऊन बसले, पण पाय वर घ्यायला कुणी सांगितलेलं नसलं की ते नुसतं बसणं.

२६ मे, रवि. बाग
सका. उठले तर हे बाहेर, चुलीपुढं उभे. हात मागे बांधून. देवळात उभे राहतात तसे. मला बघितल्यावर म्हणाले, "काही नाही, काडेपेटी बघत होतो." सिगरेट तर कधीच सोडली.

गेल्या सालचं आठवलं. भाऊजी गेल्यानंतर पहिल्यांदा आलो होतो. पहिल्या संध्याकाळी हे म्हणाले डोकं दुखतंय आणि झोपले. मी रागानं चूल पेटवली, आणि मग चारही दिवस मीच पेटवली. मला वाटलं आळस. भाऊ गेला, नियम गेला, बायकोच्या गळ्यात चूल, बरं झालं असं वाटत असेल ह्यांना.
आळस नव्हता तो.

नेहानं चहा केला चुलीवर. धुरानं डोळे लाल, पण हसत होती. म्हणाली, "मम्मीजी, यहाँ खाना बनाने में तो मज़ा आता होगा?" म्हटलं, "आता था. जब हम नहीं बनाते थे." तिला काही समजलं नाही. मग सगळं सांगितलं, पाय वर, सत्तू, तहजीब. ती इतकी हसली की विनय धावत आला. त्यालाही आठवलं. म्हणाला, "ताऊजी का टॉवेल! मम्मी, वो लाल चेकवाला!"
हे हातपंपापाशी उभे होते. ऐकू जात होतं. आले नाहीत.

२८ मे, मंगळ. घरी
बोललेच शेवटी. हे पेपर वाचत होते. म्हटलं, "जाऊबाई येणार. पहिल्या दिवशी तुम्ही करायचं. विनय मदतीला आहे."
"मला येत नाही."
"इतकी वर्षं केलंत की."
"दादा करायचा. मी ढवळायचो."
"मग ढवळा."
पेपरचं पान उलटलं. मग पेपरामागूनच म्हणाले, "मीठ तो घालायचा."

आत गेले, भेंडी चिरली. परत बाहेर आले. म्हटलं, "भाऊ गेला, हात तर आहेत ना तुमचे? खारट झालं तर झालं. सत्तूचं पिठलं खाल्लेली माणसं आहोत आम्ही."
"जाऊ या ना हॉटेलात. तुला आवडलं होतं."
"आवडलं होतं. पुन्हाही जाईन. पण पहिल्या दिवशी नाही."
पेपर खाली आला नाही.

३० मे, गुरु.
घरात मौनव्रत. विनय म्हणतो, "मम्मी, पापा को छोड़ो ना. नैनीताल चलते हैं, वहाँ सब मिलता है, खाना-वाना सब." त्याला म्हटलं, तू गप्प बस, तुला वरणाला फोडणी देता येत नाही आणि नैनीताल दाखवतोस. तर म्हणाला, "तो सिखा दो." शिकवीन, तुझ्या बापाचं काय ते ठरलं की.

२ जून, रवि.
जाऊबाईंचा फोन आला. पुण्याहून गाडीचं रिझर्वेशन करायचंय, मुलगा बुधवारी स्टेशनवर जाणार, तारीख सांग म्हणाल्या. मी सगळं सांगितलं. लपवाछपवी मला जमत नाही. दोन दिवस जाऊन आलो, बाहेर जेवलो, स्कूटरच्या खेपा, सगळं.
मग म्हणाल्या, "हॉटेलात जेवायला कराडात हॉटेलं नाहीत होय गं? सून नेते की मला. मी येणार आहे ती खाटेवर पाय वर घेऊन बसायला. आणि तू एकटी रांधणार असशील तर मला तो घास उतरायचा नाही. धाकट्या भाऊजींना विचार. ते करणार असतील तर येते. नसतील तर राहू दे, आंबे पार्सलनं पाठव."
"अहो, असं काय करता?"
"असंच करते," म्हणाल्या. "त्यांना सांग, मीठ मी सांगेन किती ते. खाटेवरून."

फोन ठेवला तेव्हा हे दारातच उभे. सगळं ऐकलेलं. म्हणाले, "वहिनी काय म्हणाल्या?"
म्हटलं, "ऐकलंत ते."
"मीठ सांगेन म्हणाल्या?"
"हो."
चष्मा काढला, पुसला, परत घातला. "किती जण होतील?"
म्हटलं, "ते तुम्ही मोजा, करायचं तुम्हाला आहे. वहिनींचा मुलगा बुधवारी तिकीट काढायला जाणार. बुधवारी सकाळी मी फोन लावणार, तुम्ही शेजारी उभं राहायचं आणि हो का नाही ते स्वतः वहिनींना सांगायचं. मी मधे बोलणार नाही. हो तर हो, नाही तर नाही. बुधवार, सकाळी, चहाच्या आधी."