दहाच्या जागी बत्तीस

सोमवार, २२ सप्टेंबर २०२५. सकाळी ७.४०
आजपासून रोजनिशी. रिटायर माणसानं डोक्याला गंज चढू देऊ नये. शिवाय बजाजनगरात माझ्याबद्दल जे बोललं जातं त्याला लेखी उत्तर कुठंतरी असावं. कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही.

सारजाची गिरणी काल दोनदा बंद पडली. घरगुती, एक एचपीची, समोरच्या खोलीत आहे. अकरा वर्षं चालवते. फ्यूज उडाला. जुना चिनी मातीचा किटकॅट फ्यूज, त्यात ठिणग्या. बाईसाहेबांनी नवऱ्याला न विचारता हनुमानला बोलावलं.

हनुमान म्हणजे माझ्या जुन्या कंपनीतला वायरमन. मी एकोणतीस वर्षं स्टोअर्सला होतो. माझ्या सहीशिवाय या माणसाला साधा फ्यूज मिळत नव्हता, खिडकीबाहेर ताटकळत उभा राहायचा. आता रिटायर होऊन कॉलनीत पिशवी घेऊन हिंडतो आणि बायका त्याला हनुमानभाऊ म्हणून चहा पाजतात.

त्याचं निदान असं की, किटकॅट बदला, फ्यूजचा होल्डर नवा टाका, पण खरं दुखणं मोटारीत हाय. बेअरिंग गेलंय. मोटर अडकून चालती, म्हणून लई करंट ओढती. दोन दिवस मोटर द्या, करून देतो.

अर्थ उघड आहे. कामं मिळत नाहीत त्याला. मोटर ठणठणीत आहे. होल्डर मी बसवणार. जाता जाता म्हणाला, भाऊ, फेजवरच बसवा बरं का. मला शिकवतो.

मंगळवार, २३ सप्टेंबर. संध्याकाळी
औरंगपुऱ्यात जाऊन आलो. गाडी लावायला जागा नाही, माणसांना शिस्त नाही.

इलेक्ट्रिकच्या दुकानात एक म्हातारे चाचा. मोटर कित्ते की है, वायर कित्ते की है, असं पोलिसासारखं विचारायला लागले. मी म्हणालो, आधी माल दाखवा. किटकॅट दाखवला. काचेच्या फ्यूजचा, टोपी फिरवायचा दाखवला. मग तिसरा दाखवला. पांढरा, पट्टीवर बसणारा, पुढचं झाकण ओढलं की आत नळीसारखा कार्ट्रिज फ्यूज. मिटताना असा खट्‌ आवाज येतो की विचारू नका. त्यावर छापलेलं ३२ अँपियर. तोच घेतला.

चाचांनी पुन्हा शाळा घेतली. बत्तीस ही होल्डरची ताकद. आत फ्यूज किती टाकायचा ते वायर आणि मोटर बघून ठरवायचं. तुमची वायर बारीक, मोटर लहान, दसच लगाओ. होल्डर बडा चलता भाई, फ्यूज बडा नक्को.

दहाचे पाच घेतले. त्यांच्यादेखत सोळाचे दोन आणि बत्तीसचे दोनही घेतले. स्टोअर्सचा माणूस स्टॉक ठेवतो. मागितलेला साइज नसेल तर पुढचा मोठा द्यायचा, हा माझा नियम होता. हातमोजे, गमबूट, बोल्ट, पाइप. एकोणतीस वर्षांत माझ्यामुळं काम एकदाही थांबलं नाही.

गुरुवार, २५ सप्टेंबर. दुपारी २.१५
होल्डर बसवला. अर्ध्या तासाचं काम होतं, साडेचार तास लागले, कारण घरातून सहकार्य शून्य. मी नुसतं गिरणीचं बटण बंद करून काम करणार होतो. सारजानं सरळ जाऊन मेन स्विच खाली ओढला. म्हणाली, तुमचं काय सांगावं. फॅन बंद, फ्रिज बंद, घामानं स्क्रू हातातून निसटतोय. भिंतीला पाच भोकं पडली, त्यातली तीन चाचणीसाठी होती. एक स्क्रू नीट आवळला नव्हता, तो तिनं आवळला. मी आवळणारच होतो.

गिरणी सुरू. हनुमानला बघायला बोलावणार नाही. त्याला कळेलच.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा
पूजेत पाना, टेस्टर, पक्कड मांडली. होल्डरला झेंडूची माळ घातली. सारजानं गिरणी सुरू करायच्या आधी ती काढून टाकली. म्हणाली, करंटच्या डब्यावर कुणी फुलं घालतं व्हय.

संध्याकाळी फ्यूज उडाला. दहाचा दुसरा टाकला.

रविवार, ५ ऑक्टोबर. रात्री
दहाचे पाचही उडाले. चाचांनी गंडवलं. औरंगपुऱ्यातला माल असाच असतो, मी आधीपासून सांगत होतो.

इकडं सत्तावीस घरांची चकलीची भाजणी येऊन पडली आहे. प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी. बायका धान्य भाजून आणून देतात आणि वसुबारसेच्या आत पीठ न्यायला येतात. सारजाला दिवाळी म्हणजे हीच. वर्षभर ज्वारी-गहू कुणीही दळून देतं, भाजणी मात्र तिच्याकडंच, कारण ती दर पिशवीआधी जातं पुसून घेते, एकीचा वास दुसरीला लागू देत नाही. काळजीनं तिला जेवण जाईना. म्हणाली, हनुमानभाऊंना बोलवू का.

मी उठलो आणि सोळाचा टाकला. गिरणी गपगुमान सुरू झाली. असे प्रश्न तीन मिनिटांत सुटतात, डोकं पाहिजे.

बुधवार, ८ ऑक्टोबर. सकाळी ११
सोळाचाही उडाला. दुसरा सोळाचा तासाभरात गेला. सारजा म्हणाली, आता तरी बोलवा. मी म्हणालो, तो माणूस या घरात पाय ठेवणार नाही. ती म्हणाली, मग मोटर त्यांच्या घरी नेऊन देते. मी मोटारीपुढं खुर्ची टाकून बसलो.

बत्तीसचा टाकला. अगदी तंतोतंत बसतो. दहा, सोळा, बत्तीस, तिन्ही एकाच मापाचे. न बसणारी वस्तू असती तर गोष्ट वेगळी. बसते याचाच अर्थ चालते. हे चाचांना कळत नाही आणि हनुमानला तर कधीच कळलं नाही.

शुक्रवार, १० ऑक्टोबर
दोन दिवस झाले, फ्यूज एकदाही उडालेला नाही. एकदाही नाही.

कॉलनीतली दगडाबाई आपली भाजणी दळून झाली का बघायला आली आणि नाक वर करून म्हणाली, बाई, रबर जळाल्यावानी वास येतोय. नव्या होल्डरचा वास आहे म्हणून सांगितलं. तिला फक्त खोड काढता येते. वायर थोडी गरम लागते हे खरं. मोटर चालते तर वायर गरम होणारच, माणूससुद्धा चालल्यावर गरम होतो.

कोपऱ्यावर हनुमान भेटला. गिरणी चालतीय का, विचारलं. मी सांगितलं, फ्यूज उडत नाही. तो म्हणाला, मग बेअरिंग टाकलं का नवं. मी हसून पुढं निघालो. बिचाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

रविवार, १२ ऑक्टोबर. संध्याकाळी ७
दुपारी किरकोळ घटना. मोटर अचानक जाम झाली आणि बोर्डापासून मोटारीपर्यंतची वायर थोडी वितळली. धूर झाला. परिस्थिती ताबडतोब आटोक्यात आणली. मोटर गेली. सारजाच्या उजव्या हाताला थोडं लागलं.

नोंद करून ठेवतो की होल्डर शाबूत आहे. फ्यूजसुद्धा शाबूत आहे, उडालेला नाही. म्हणजे माझ्या कामात दोष नाही. मोटर बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहिणार.

सोमवार, १३ ऑक्टोबर. सकाळी ६.१०
कालच्या नोंदीत दुरुस्ती.

परिस्थिती सारजानं आटोक्यात आणली. मेन तिनं ओढला. जळती वायर भाजणीच्या पिशव्यांवर पडत होती, ती तिनं हातानं बाजूला ओढली. वितळलेलं प्लास्टिक दोन बोटांना आणि तळव्याला चिकटलं. मी दारात उभा होतो. घाबरू नको, असं मी दोनदा म्हणालो होतो हे मला नक्की आठवतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. ती म्हणाली, गिरणीत. माझं नाव घेतलं नाही.

सोमवार, १३ ऑक्टोबर. दुपारी
एकही पिशवी जळाली नाही. त्यावर मी म्हणालो, बघ, माल तरी वाचला. सारजानं डाव्या हातानं एका पिशवीची गाठ सोडली, वास घेतला, गाठ पुन्हा बांधली. मग दुसरी. मग तिसरी. सत्ताविसावी होईपर्यंत मी तिथंच उभा होतो. एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. बोलली असती तर उत्तर तयार होतं.

सगळ्या भाजणीला जळक्या प्लास्टिकचा वास.

मी सुचवलं की व्होल्टेज वाढलं होतं असं सांगू. कॉलनीत कुणाला काय कळतंय. ती म्हणाली, उद्या घरोघर जायचंय, माझ्या हातानं पिशव्या उचलत नाहीत, तुमी धरा.

मंगळवार, १४ ऑक्टोबर. संध्याकाळी ६.३०
सव्वीस घरं झाली. पुढं सारजा, मागं पिशव्या घेऊन मी.

प्रत्येक दारात ती एकच सांगायची. माझ्याकडनं भाजणी नासली, माफ करा. आमच्या ह्यांनी फ्यूज मोठा टाकला होता. घरचे डाळ-तांदूळ घेऊन पुन्हा भाजून देते, पण दळायला दुसरीकडं जावं लागंल. मला वाटलं होतं बायका विचारतील, एवढा जाणता माणूस आणि असं कसं केलं. एकीनंही विचारलं नाही. सगळ्यांनी मान हलवली, जसं काही त्यांना माहीतच होतं. दगडाबाईनं सारजाचा हात हातात घेतला आणि मला म्हणाली, पिशव्या खाली ठेवा, दमला असाल. इतकं वाईट मला कुणाच्या शिवीनं वाटलं नसतं.

आठ-दहा जणींनी पिशवी ठेवून घेतली, म्हणाल्या राहू द्या, नका भाजू, हात बघा तुमचा. तिथं सारजा रडली. अकरा वर्षांत कुणाच्या दारात ती रडलेली मी बघितली नव्हती.

सत्ताविसावी पिशवी हनुमानच्या बायकोची, सुकेशनीची. मी म्हणालो, ही उद्या देऊ. सारजा चालायला लागली.

दार हनुमाननंच उघडलं. मी रस्ताभर वाक्यं जुळवत आलो होतो. मी आधीच सांगितलं होतं, असं तो म्हणाला तर हे म्हणायचं, हसला तर ते म्हणायचं. त्यानं सारजाच्या पट्टीकडं बघितलं आणि विचारलं, वैनी, बोटं हालतेत का. ती हो म्हणाली. तिनं तिचं सांगायला सुरुवात केली, पण मीच मध्ये बोललो. म्हणालो, बत्तीसचा टाकला होता मी.

तो म्हणाला, व्हय, धुराच्या वासावरनं कळलं मला. मग सारजाला सांगितलं की त्याच्याकडं एक जुनी मोटर पडून आहे, उद्या सकाळी येऊन बसवतो, थोड्या बायकांची भाजणी तरी दळून निघंल. मी तिथंच उभा राहिलो, आता तरी मला सुनावेल म्हणून.

सुकेशनीनं पाणी आणलं. आधी सारजाला दिलं, मग मला. मी प्यायलो.