सात येण्याची शक्यता

२८ डिसेंबर, रविवार

ठरलं. सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आहे, गोव्याला जायचं. मी, आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतला गोरख आणि त्याचे दोन मेहुणे. गोरख म्हणतो मासे खाऊ, समुद्र बघू. बघू दे त्याला. मी कॅसिनोत जाणार.

खेळाचं नाव क्रॅप्स. यूट्यूबवर चार व्हिडिओ पाहिले, त्यातला एक पूर्ण. दोन फासे फेकायचे. पहिल्याच फेकीत बेरीज सात किंवा अकरा आली की जिंकलो. दोन, तीन किंवा बारा आली की हरलो. दुसरं काही आलं तर तो आपला आकडा. मग फेकत राहायचं. आपला आकडा परत आला तर जिंकलो, त्याच्याआधी सात आले तर हरलो.

या सगळ्यात कॅसिनोचा फायदा दीड टक्कासुद्धा नाही. म्हणजे उरलेले साडेअठ्ठ्याण्णव टक्के माझे. हे आजपर्यंत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

हेडक्लार्क असलो तरी बारावीला गणितात एक्याऐंशी होते. शाळेत हे कुणी विचारतच नाही.

३० डिसेंबर

फासे जमवले. एक राजनंदिनीच्या जुन्या लुडोतला, एक दुकानातून. दुकानदाराने विचारलं, लहान मुलांसाठी का? हो म्हणालो.

फासे समोरच्या भिंतीला लागून परत यावे लागतात. दिवाणावर चादर ताणली, मागे पोळपाट उभा केला. मनगटाला अगदी हलका झटका द्यायचा. सरावाने हवा तो आकडा आणता येतो, असं व्हिडिओतला माणूस सांगतो. (पूर्ण पाहिलेला व्हिडिओ हाच.)

एक फासा आमटीत गेला. बायकोने, म्हणजे नूतनने, पोळपाट काढून घेतला. सराव स्थगित.

१ जानेवारी

संकल्प: रोज बहात्तर फेकी, वहीत नोंद. रोज चालणे. (चालणे उद्यापासून.)

दोन फाशांच्या छत्तीस जोड्या, त्यातल्या सहांची बेरीज सात. म्हणजे बहात्तर फेकींत बारा सात यायला हवेत. आज नऊच आले. तीन सात बाकी आहेत, ते उद्या येतील. राजनंदिनीला दाखवलं. ती बीएस्सीला आहे, स्टॅट घेतलंय. म्हणाली, पप्पा, फाशाला मेमरी नसते. म्हणालो, फाशाला नसेल, मला आहे.

नवीन पिढीला अनुभव कमी.

४ जानेवारी, रविवार

एकट्याने सराव करून उपयोग नाही. प्रतिस्पर्धी हवा. नूतन नाही म्हणाली. राजनंदिनीची परीक्षा. उरल्या मामी.

मामी म्हणजे माझ्या सासूबाई, ठकुबाई. गाव वेल्ह्याच्या पुढे. मामा गेल्यापासून तिथे एकट्या राहतात. नोव्हेंबरमध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून नूतनने भोरला आणलं. डॉक्टरांनी घरी जायला कधीच सांगितलंय, पण नूतन सोडत नाही. मामी रोज सकाळी पिशवी भरून दारापाशी ठेवतात, नूतन रोज ती उपसते. दोन महिने आमचा हॉल, टीव्ही आणि दिवाण मामींकडे आहे. माझी तक्रार नाही. दिवाण मात्र मला सरावाला लागतो.

मामींनी आधीच सांगितलं, पैशानं न्हाई खेळायचं. मग रात्रीची भांडी लावली. हरेल त्याने घासायची.

नियम समजावायला मी चाळीस मिनिटं घेतली. त्यांनी एकच प्रश्न विचारला. म्हंजी एकदा तुमचा आकडा पडला, की मग सात माझं?

म्हणालो, हो.

तर म्हणतात, मग तुमीच टाका. म्या नुसती बघते.

कौशल्याची संधीच सोडून दिली! वाईट वाटलं त्यांचं.

६ जानेवारी

जिंकलो! पाच आकडा पडला आणि तिसऱ्या फेकीला परत पाच. मनगटाचा झटका तंतोतंत.

मामी भांडी घासायला बसल्या. नूतन आली आणि डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला भांडी घासायला लावतात म्हणून मला बोलली. मामी म्हणाल्या, अगं, म्या हरले. नूतनने मला मोरीत पाठवलं. जिंकून भांडी घासली.

८ जानेवारी, रात्री साडेनऊ

पद्धत सापडली! हरलं की पैज दुप्पट करायची. एका दिवसाची भांडी हरलो तर पुढे दोन दिवसांची लावायची. ती हरलो तर चार. कधीतरी जिंकणारच, आणि जिंकलो की मागचं सगळं फिटून वर एक दिवस नफा. हरणं शक्यच नाही.

धोका एकच, लागोपाठ हरत गेलो तर. सलग सहा वेळा हरण्याची शक्यता काढली. पावणेदोन टक्के. म्हणजे नाहीच.

११ जानेवारी, रविवार

सलग सहा वेळा हरलो.

एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. एकूण त्रेसष्ट दिवस. चौदा मार्चपर्यंत रात्रीची भांडी माझ्याकडे.

पाच वेळा आकडा पडून मग सात आले. एकदा पहिल्याच फेकीत बारा. मामी मांडी घालून शेंगा सोलत होत्या. फाशांना हातसुद्धा लावला नाही. सातव्यांदा चौसष्ट दिवस लावतो म्हणालो, तर म्हणाल्या, न्हाई वो जावईबापू. तवर म्या हितं ऱ्हाते व्हय?

राजनंदिनी म्हणाली, तुम्ही फेकता, आजी कॅसिनो आहे.

पद्धतीत दोष नाही. चौसष्टचा डाव खेळू दिला असता तर सिद्ध झालं असतं.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळाच्या पाकाची कढई. यावर न बोललेलं बरं.

१६ जानेवारी

शाळेत शिपायापासून हेडसरांपर्यंत सगळ्यांना भांड्यांचं कळलंय. गोरखला एकट्याला विश्वासात घेऊन सांगितलं होतं.

एक मात्र आहे. मी मोरीत बसलो की मामी उंबऱ्यापाशी येऊन बसतात. मी घासतो, त्या बोलतात. त्यांची म्हैस शेजारच्या गेनूकडे ठेवलीय. गेनू तिला वेळेवर पाणी दाखवत नसणार, अशी त्यांची खात्री आहे. परड्यात घेवडा लावला होता, तो वाळला असेल. गावात कुणाची सून कुठून आणली, कुणी बांध कोरला. मी हो हो म्हणतो. करपलेल्या कढईत आधी गरम पाणी घालून ठेवायचं, हे त्यांनीच सांगितलं. वेळ बरा जातो.

(गोव्याची तयारी: वही, फासे, पांढरा शर्ट.)

१९ जानेवारी

नूतन रडली. आई आता ऐकत नाही म्हणाली. तिकडे रात्री-अपरात्री पडली-झडली तर कोण आहे? तुमचं ती ऐकते, तुम्ही सांगा तिला कायमचं राहायला.

माझं ऐकतात! हे नूतनच्या तोंडून ऐकून बरं वाटलं. म्हणालो, माझ्यावर सोड. माझी पद्धत आहे.

कुठली पद्धत, हे तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

जे झालं ते क्रमाने लिहितो.

संध्याकाळी नूतन राजनंदिनीला घेऊन हळदीकुंकवाला गेली. मामा गेल्यापासून मामी जात नाहीत. घरात आम्ही दोघंच. मी फासे काढले. म्हणालो, मामी, शेवटचा डाव. मी जिंकलो तर तुम्ही कायमच्या इथं राहायचं. तुम्ही जिंकलात तर मी स्वतः तुम्हाला गावी नेऊन सोडणार, नूतनला काय सांगायचं ते मी बघतो.

वाटलं होतं, हसतील. हसल्या नाहीत. म्हणाल्या, शबूद?

म्हणालो, शब्द.

पहिल्या फेकीत आठ. आठ येण्याच्या पाच वाटा, सातच्या सहा. अकरात पाच माझ्या बाजूला. वाईट नाही. मग दहा आले. मग पाच. मग परत दहा. मामी शेंगा सोलत नव्हत्या. म्हणाल्या, हितं समदं हाय बगा. नळाला पानी हाय, लाईट हाय, नूतन जीव लावती. पर दोन महिनं झालं, मला कुनी ठकुआत्या म्हनून हाक न्हाई मारली. तिकडं दार उगडलं की चार जनी हाका मारत्यात. हितं मी कोन, तर नूतनची आई.

म्हणालो, मामी, तुम्ही आमच्याच आहात की.

म्हणाल्या, व्हय. टाका.

टाकले. चार आणि चार. आठ.

जिंकलो होतो. मनगट, झटका, सगळं जुळून आलं होतं. मामी फाशांकडे बघतच नव्हत्या. दारापाशी पिशवी होती, तिच्याकडे बघत होत्या.

मी फासे उचलले आणि म्हणालो, सात. हरलो.

का म्हणालो, सांगता येत नाही. घाईत बेरीज चुकली असावी. दिवसभर पगारबिलं केली की असं होतं.

२३ जानेवारी

नूतनला सांगितलं. म्हणजे फासे सांगितले, बेरीज नाही.

ती म्हणाली, माझ्या आईला पणाला लावलंत? आणि वर हरलात?

त्यानंतर काही बोलली नाही. डबा मिळाला, त्यात नुसती पोळी होती.

मामी म्हणाल्या, उद्या शनवार हाय, उद्याच जाऊ. गेनूला निरोप धाडलाय. गोरखची गाडी उद्या पहाटे पाचला गोव्याला निघते. परवा जाऊ असं मामींना म्हणणार होतो. त्यांनी तोवर पिशवीला गाठ मारली होती, आणि आज ती कुणी उपसत नव्हतं.

माझी वही गोरखला दिली. बावीस दिवसांच्या नोंदी, पंधराशे चौऱ्याऐंशी फेकी. जपून वापर म्हणालो.

२४ जानेवारी, शनिवार

सकाळच्या एसटीने निघालो. नूतन दारापर्यंत आली. आईच्या पाया पडली, माझ्याकडे बघितलं नाही. नसरापूरला गाडी बदलली. मामी खिडकीशी बसल्या. वेल्हं मागे पडल्यापासून प्रत्येक वळणाला मला शेतं दाखवत होत्या. हे अमक्याचं, हे तमक्याचं, ह्ये इकलं.

स्टॉपवर उतरलो तर पारावरूनच कुणीतरी ओरडलं, ठकुआत्या आली गं! मग इकडून तिकडून बायका आल्या. मामींचा आवाज एवढा मोठा आहे, हे मला लग्नाला बावीस वर्षं होऊन आज कळलं. गेनूला भर रस्त्यात म्हशीच्या बरगड्या मोजायला लावल्या. घेवडा वाळला नव्हता. कुणीतरी पाणी घातलं होतं.

त्यांनी चहा केला. मी निघालो तशा दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, जावईबापू, चार आन चार आठ व्हत्यात.

मी चपलेत पाय घालत राहिलो.

म्हणाल्या, ऑपरेशन झालंय माझं. लई लांबचं दिसतंय आता.

म्हणालो, मामी, घाईत बेरीज चुकली. हसून त्यांना ठसका लागला. म्हणाल्या, शाळंत पोरांस्नी शिकवू नगा म्हंजी झालं. मी क्लार्क आहे, शिकवत नाही, हे त्यांना परत एकदा सांगितलं.

परतीच्या एसटीत उभं राहावं लागलं.

२५ जानेवारी, दुपार

गोरखचा फोन. ते गेले तिथे फाशांचं टेबलच नव्हतं. पत्ते होते, चक्र होतं, बटणं दाबायची मशिनं होती. त्याने तिथल्या माणसाला माझी वही दाखवली. तो म्हणाला, छान अक्षर आहे. मासे चांगले होते.

पंधराशे चौऱ्याऐंशी फेकी.

नूतन अजून बोलत नाही. भांडी चालू आहेत. उंबऱ्यापाशी कुणी बसत नाही, त्यामुळे लवकर आटपतात. म्हणजे तसा फायदाच.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून घरी आलो तर फोनवर मामी. नूतनने स्पीकर लावला होता. तब्येत, औषधं, डोळ्यात घालायचे थेंब. मग मामी आपण होऊन म्हणाल्या, नूतन, जावयांवर रागावू नगं. त्ये हरलंच न्हाईत. जिंकल्यालं. माझ्यासाटी खोटं बोललं.

मी खुर्चीवर सरळ बसलो. स्वतःहून सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण साक्षीदारच बोलायला लागल्यावर माझा काय दोष? चेहरा शक्य तितका साधा ठेवला.

नूतनने माझ्याकडे बघितलं. तीन दिवसांत पहिल्यांदा. मग फोनमध्ये म्हणाली, आई, जावयाला पाठीशी घालू नकोस. मी ओळखते यांना. हे जिंकले असते तर अख्ख्या भोरला सांगत सुटले असते.

राजनंदिनीने मान डोलावली. म्हणाली, पप्पा जिंकून गप्प बसण्याची शक्यता शून्य.

म्हणालो, मामी, सांगा की यांना. नीट सांगा. चार आणि चार.

तिकडून आवाज आला, म्हस वरडती, धार काढायची हाय. ठिवते.

आणि ठेवला.