खांबातून आलेली नलू

मुक्काम केळापूर
संक्रांतीनंतरचा रविवार

चिरंजीव सौभाग्यवती नलू हीस,

तुझी आजी पंचफुला हिचे, आधी डोक्यावरून हात फिरवून आणि मग त्याच हाताने एक टपली मारून, पुष्कळ आशीर्वाद. टपली कशाची ते तुला आठवत नसेल. तुला आठवतं काय म्हणा! लग्न होऊन नागपूरला गेलीस तेव्हा चपला इथेच विसरलीस. दिवाळीला त्या न्यायला आलीस तर छत्री ठेवून गेलीस. आणि आता पोस्टकार्ड धाडलंस की आजी, येत्या शुक्रवारी मी नागपूरच्या रेडिओवर तुझी जात्यावरची ओवी गाणार आहे, आणि किती वाजता ते लिहायचंच विसरलीस. बाई, आम्ही कोंबडा आरवल्यापासून रेडिओसमोर बसलो. शेतीची माहिती ऐकली, बाजारभाव ऐकले, इंग्रजीतल्या बातम्यासुद्धा हात जोडून ऐकल्या. न जाणो, त्यातूनच तू निघायचीस.

तुझी प्रकृती बरी असावी. नातजावयांच्या पोटाला आता आराम असेल. त्यांना म्हणावं, हॉटेलातलं कमी खा. तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांना माझा नमस्कार सांग, आमच्या गुडघ्यांची जुनी ओळख आहे. इकडे सगळे खुशाल. कापूस घरात आला आहे, तांबडी गाय व्याली आहे.

हे पत्र मी बोलते आणि तुझी आई लिहिते. मला अक्षर येत नाही हे तरी तू विसरली नसशील. मी 'मले' म्हणते, ती 'मला' लिहिते. म्हणते, पत्र कसं नीटनेटकं दिसावं. तेव्हा तुझ्याकडे जी पोचेल ती आजी न्हाऊन, केस विंचरून, नवं लुगडं नेसून आलेली असेल, एवढं धरून वाच. (विमल, हे लिहू नको म्हटलं होतं.)

पत्राला कारण असं की तुझ्या वडिलांनी तुला एव्हाना कळवलंच असेल, तुझं गाणं सुरू झालं आणि बुढी झोपली. साऱ्या केळापुरात हेच चाललं आहे. शेजारच्या लीलाबाई तर सांत्वनाला येऊन गेल्या. तू कार्डात लिहिलं होतंस, मधल्या वळणाची ओळ तुझ्यासारखी जमली का ते सांग, तू बरी म्हणालीस तरच मी पुढे गाईन. आता आजीने ऐकलंच नाही असं तुझ्या मनात बसलं तर तू गाणं सोडशील. म्हणून सांगते, मी झोपले नव्हते. पण हे पटायला तुला आधीपासून ऐकावं लागेल, मध्येच उठू नकोस.

तुला ठाऊक आहे, गावात विजेचे खांब आले आणि तुझे वडील रेडिओ घेऊन आले. त्याचा तो हिरवा डोळा हळूहळू उघडतो, मांजर उन्हात जागं व्हावं तसा, ते पाहायला मला फार आवडतं. पण पहिल्या दिवसापासून मी म्हणत आले की आवाज बरा नाही. पातळ आहे, ताकात पाणी जास्त झाल्यासारखा. तुझ्या वडिलांना हे लागलं. सदाशिव लहानपणापासून तसाच, त्याच्या पतंगाला कोणी नाव ठेवलं तरी जेवायचा नाही. तुझं कार्ड आलं त्या दिवशी तो पांढरकवड्याला गेला आणि अब्दुल गनीला घेऊन आला. अब्दुल गनी म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या जिनाच्या मोटारी आणि लोकांचे रेडिओ दुरुस्त करणारा. माणूस लाखाचा, पण यंत्राबद्दल बोलू लागला की वाटतं मुशायऱ्याला आलो. त्याने आणखी एक मोठा स्पीकर आणला, लांब तारेचा, घरात कुठेही नेऊन ठेवता येईल असा. मला म्हणाला, "आजी, आवाज म्हनजे पानी समजा. जशा भांड्यात ठेवसान तसा होते."

मला हे पटलं. नागपूरहून निघालेला आवाज किती लांबून येतो, विचार कर. हिंगणघाटावरून, वर्धा नदीवरून, कापसाच्या शेतांवरून. वाटेत त्याच्या अंगाला बोंडातला कापूस चिकटत असेल. करंजीच्या वळणावर झाडाखाली टेकत असेल. आमच्या दारात येईपर्यंत त्या बिचाऱ्याचे पाय दुखत असतील. माहेरी आलेल्या पोरीला आपण आधी पाट देतो की नाही? तसं आवाजालाही बसायला बरी जागा हवी. दुपारभर मी हेच मनात घोळवत बसले, तुझी आई मला दोनदा चहा विचारून गेली म्हणे.

पहिलं भांडं म्हणून गनीने स्वयंपाकघरातला रिकामा रांजण घेतला आणि स्पीकर त्याच्या तोंडावर पालथा ठेवला. आवाज असा घुमला की रस्त्याने जाणारा किसनसिंग दोर घेऊन धावत आला, त्याला वाटलं कोणी विहिरीत पडलं. त्या दोन दिवसांत तुझ्या आईची मोठी पंचाईत झाली. रांजणातून बातम्या देणारा परका पुरुष बोलतो म्हणून ती डोक्यावर पदर घेऊन भाकरी करायची. (ती म्हणते, खोटं आहे. मग नाकापर्यंत पदर कशाने आला, वाऱ्याने?)

मग तुझ्या वडिलांनी अक्कल चालवली. कापसाची खोली तुला माहीत आहे, या दिवसांत आढ्यापर्यंत भरलेली असते. ते म्हणाले, आवाज कर्कश येतो, त्याला मऊ जागेत ठेवू. स्पीकर कापसात अर्धा पुरला आणि आम्ही सगळे दारात बसलो. नलू, त्या खोलीत आवाज येईना. थोडासुद्धा नाही. कापसाने तो बाळासारखा पोटाशी घेतला आणि सोडलाच नाही. तुझे वडील कान पुढे करून बसले, गनी कान पुढे करून बसला, तुझी आई पदर मागे सारून बसली. सारं घर एकमेकांच्या तोंडाकडे पाहत, ढगात बसल्यासारखं. उन्हाचा एक पट्टा कापसावर पडला होता. मला फार बरं वाटलं. असं वाटलं, वर गेल्यावर हेच असेल तर जायला हरकत नाही. मी मान डोलावली आणि म्हटलं, आता कसा गोड येऊन राह्यला! तेव्हा गनीने वाकून पाहिलं तर तार रेडिओतून केव्हाच निसटली होती. तुझे वडील माझ्याकडे असे पाहू लागले, जसं काही मला देवाचं बोलावणंच आलं आहे. मी म्हटलं, मी तुमचं मन राखलं.

तार जोडूनही तिथे आवाज निघेना, तेव्हा गुरुवारी संध्याकाळी गनीने हार खाल्ली आणि स्पीकर ओसरीवरच्या मधल्या सागवानी खांबाला खिळे मारून पक्का बसवला. तोच खांब, ज्याला टेकून मी दुपारी बसते आणि ज्याला धरून तू चालायला शिकलीस. गनी म्हणाला, "हे जुनं लाकूड हाय आजी, यानं लय ऐकलं हाय."

शुक्रवारी सकाळपासून आम्ही ओसरीवर. माणसं आली, सतरंजी पुरली नाही. दुपार झाली, लोक पेंगले, तांबड्या गायीचं वासरू एकदा ओसरीवर चढून ऐकून गेलं. मी आपली नेहमीप्रमाणे खांबाला टेकले. आधी पाठ टेकली, मग डोकं मागे गेलं, कानामागचं हाड लाकडाला लागलं, आणि डोळे मिटले. एवढंच लोकांनी पाहिलं. पुढचं त्यांना काय ठाऊक!

आधी लाकूड जरासं थरथरलं, पोळ्याच्या दिवशी गावाबाहेर कुठेतरी वाजणारी हलगी जमिनीतून कळते तसं. आणि मग तू आलीस. वरून नाही, कानातून नाही. खांबातून. सागाच्या आतून, हाडातून, थेट माझ्या डोक्याच्या मधोमध येऊन मांडी घालून बसलीस. जातं फिरताना दगडातून हात भरून यायचा, अगदी तसं. माझ्या मांडीवर तू चार वर्षांची, तोंडाला पीठ लागलेलं, आणि बाहेर अंधारातून उजाडत आलेलं. मी हलले नाही. हलले असते तर तू सांडली असतीस.

गाणं संपलं, तुझे वडील ओरडले म्हणे, "मायबाई, ऐकलं काय?" मी डोळे उघडले नाहीत. ते म्हणाले, "झोपली बुढी." तुझी आई रडली, हे तिनेच मला मागून सांगितलं. मी तरीही उघडले नाहीत, कारण तू अजून पूर्ण गेली नव्हतीस.

आता साक्ष ऐक. दुसऱ्या ओळीआधी तू आवंढा गिळलास. तिसऱ्या ओळीत श्वास अपुरा पडला, तो तू चलाखीने झाकलास. आणि वळणाच्या ओळीवर मी सरळ खाली उतरायची, तू आधी जरा थांबलीस, उंबऱ्यावर थांबल्यासारखी, आणि मग उतरलीस. ते माझ्यासारखं नाही झालं. माझ्यापेक्षा चांगलं झालं. बस. झोपलेल्या बाईला हे कुठून कळेल? तेव्हा गायचं सोडशील तर टपली नाही, लाटणं मिळेल.

सगळ्यांना यथायोग्य सांग. बाकी सर्व ठीक.

तुझी,
आजी पंचफुला
(अंगठ्याला शाई लावली आहे, डाग समजून पुसू नकोस)

ता. क. रेडिओचा आवाज पहिल्यापासून चांगलाच होता. कान गेले आहेत माझे, नलू. गेल्या होळीपासून हळूहळू गेले. तोंडाच्या हालचालीवरून मी घर चालवते आहे. म्हणूनच एवढी खटपट करू दिली. हे मी बोलले तेव्हा तुझी आई लिहायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग काहीतरी बोलली, पण तोंडावर पदर होता म्हणून मला कळलं नाही. जात्यावर हात ठेवून तिने शपथ घेतली आहे की तुझ्या वडिलांना सांगणार नाही. त्यांना सांगितलं तर ते तो स्पीकर काढून टाकतील, त्यांना वाटेल फुकट गेला.

पुन्हा ता. क. खरं काम हे. तू होळीला ये. रेडिओवरून नाही, बैलगाडीने. खांबाच्या त्या बाजूला कपाळ टेकून ओवी म्हण, या बाजूला मी टेकते. मोठ्याने गायची गरज नाही. तुझी आई म्हणते, तीही टेकणार आहे. खांबाला चार बाजू आहेत, बसू द्या.

आणि एक. तोवर पारसलाने फुटाणे धाड. खारे, टणक, सालासकट. नरम मुळीच नकोत. माझे दात शाबूत आहेत, आणि फुटाणा फुटला की त्याचा आवाज मला अजून स्वच्छ ऐकू येतो.