पलीकडच्या उताराचा जबाब

४ जून १९२६. दूध काढून झाल्यावर.

मी सांगते, सून लिहिते. आपल्याला अक्षर येत नाही, पण डोकं येतं. लेओनीला एकच अट घातली: लिहायचं, वाचायचं नाही. म्हणते, "आई, न वाचता लिहू कसं?" म्हटलं, न चाखता कोबीचं सूप करतेसच ना, तसंच.

तर लिही. मागच्या उन्हाळ्यात पॅरिसहून ते गाणी गोळा करणारे मोस्यो वालाद आले, माझ्या चुलीपाशी बसून माझं गाणं कागदावर उतरवून घेतलं, वर तीन अंड्यांचं ऑम्लेट खाल्लं. आज पाद्रीबाबांनी पेपर वाचून दाखवला. ते गाणं ओरियाक शहराच्या थिएटरात होणार. चाळीस वादकांचा ऑर्केस्ट्रा, गायला पॅरिसची बाई. २२ ऑगस्ट. मी मान ताठ केली. मग बाबांनी पुढची ओळ वाचली: हाक विताली यांची, जबाब क्लोतिल्द यांचा.

माझ्या नावाला खेटून तिचं नाव! मान तशीच राहिली, अजून दुखतेय.

४ जून. संध्याकाळी.

कारण लिहून ठेव, नाहीतर लोक म्हणतील म्हातारी उगाच चिडते. गाणं आहे गुराखणींचं. अलीकडच्या उतारावरची हाक घालते, दरीपलीकडची जबाब देते. एकीनं दुसरीचा भाग गायचा नाही. गुरांच्या तोंडाला लागलेलं मीठसुद्धा एक वेळ वाटून घेऊ, पण हे नाही. सन १८७८, संत जॉनचा सण. मी हाक घातली. पलीकडून क्लोतिल्दचा जबाब नाही. दुसऱ्यांदा घातली. तिसऱ्यांदा घातली. खाली गवत कापणारी सगळी माणसं विळे थांबवून ऐकत होती. एक जण हसला.

त्यानंतर मी उतारावर गायले नाही, तिच्याशी बोलले नाही. राग वगैरे काही नाही. मी रागावणारी बाई नाहीच.

बेत: थिएटरात जायचं. बाई जबाबाशी आली की गुरं बोलवायचं शिंग फुंकायचं, जोरात. क्लोतिल्दचा जबाब सगळ्या ओरियाकसमोर बुडाला पाहिजे.

१२ जून. दुपार.

शिंगाचा सराव केला. पहिल्याच फुंकीला शेजाऱ्याच्या नऊ गाई आमच्या कोबीत आल्या. शेजारी बरंच बोलला. शिंग उत्तम चालतं, एवढं मात्र सिद्ध झालं.

२७ जून.

पाद्रीबाबांनी विचारलं, "विताली, कबुलीजबाबाला कधी येतेस?" म्हटलं, २२ ऑगस्टनंतर, सगळं एकदमच सांगीन, तुमचाही वेळ वाचेल. लेओनी म्हणते, आई, एवढी जुनी गोष्ट. जुनी कसली? अठ्ठेचाळीसच वर्षं झाली. आमच्या ओट्यावरची कढई त्याहून जुनी आहे, तीही टाकलेली नाही.

१८ जुलै. बाजाराचा दिवस.

क्लोतिल्द टोपीसाठी फीत घेताना दिसली. निळी. म्हणजे थिएटरात मिरवायला येणार. मीही फीत घेतली, तिच्याहून रुंद. हौस म्हणून नाही. सूड घेताना माणूस नीटनेटका हवा.

९ ऑगस्ट.

झोप नीट नाही. पण मनात आलं, ऑर्केस्ट्राला हे जमणारच नाही. दरी कुठून आणणार? संध्याकाळी नदीवरून वर चढतो तो वारा कुठून आणणार? पेटीत घालून? सगळी फजिती होईल, मला शिंग फुंकायचीही गरज पडणार नाही. तरी नेणार. नेलेलं बरं.

२२ ऑगस्ट. पहाटे.

शिंग परकराखाली बांधलं. चालताना गुडघ्यावर आपटतं. दरीतून बस एकच. क्लोतिल्द पुढच्या बाकावर बसेल, मी अगदी मागच्या. सगळी वाट तिची निळी फीत बघत काढायची म्हणजे बळ येईल.

२३ ऑगस्ट. सकाळ.

लिही गं, पण मध्येच हसू नकोस.

मखमलीची खुर्ची. बसल्यावर शिंग टोचलं. वादकांपुढच्या काठीवाल्यानं काठी उचलली आणि काही वाजलंच नाही. नुसतं धुकं उठलं. खरंच सांगते, त्या सगळ्या व्हायोलिनांतून पहाटेचं धुकं उठलं, आणि मग त्यातून कुठेतरी घंटा, आमच्या तांबड्या गाईच्या गळ्यातली. गवताचा वास आला. कुणाच्या तरी बुटाला लागून आला असणार. बाई उभी राहिली आणि तिनं हाक घातली. माझी हाक. एकोणिसाव्या वर्षीचा माझा गळा त्या रेशमी बाईच्या तोंडात! मी तिथंच तिचा गळा धरणार होते, पण ऐकायचं राहून गेलं असतं.

हाक संपली. ऑर्केस्ट्रा अगदी बारीक झाला, दरी थांबते तसा. आता बाईच जबाब घेणार. मी परकराखालून शिंग काढून ओठांना लावलं.

तेवढ्यात तीन रांगा पुढून, निळ्या फितीखालून, एक फाटका म्हातारा आवाज उठला. क्लोतिल्द. जबाब देत होती. बाईचं तोंड उघडंच राहिलं. काठीवाला वळला. आणि मागून कुणीतरी हसलं.

हे मात्र मला सहन झालं नाही. तिच्यावर हसायचा हक्क माझा, ओरियाकच्या दुकानदारांचा नाही! मी उठले. शिंगच फुंकणार होते. पण तोंडातून हाक निघाली. दुसरी. तिनं जबाब दिला. तिसरी. तिनं दिला. काठीवाला शहाणा निघाला, त्यानं आपल्या माणसांना खालून हळूहळू वाजवत ठेवलं. लोक उभे राहिले. डोळ्यांत पाणी? थिएटरात धूळ फार.

परतताना बसमध्ये एकाच बाकावर बसलो. बाकीचे बाक भरले होते. बरेचसे. मी विचारलं, "अठ्ठ्याहत्तर साली काय झालं होतं गं तुला, मेले?" म्हणाली, "त्या सकाळी लोहारानं माझी दाढ उपटली होती. तोंडात चिंध्यांचा बोळा. हात हलवत होते मी, तुला दिसले नाहीत?" म्हटलं, मग दुसऱ्या दिवशी यायचं सांगायला. म्हणाली, "आले होते. तू दार आपटलंस."

म्हटलं, खोटं. दाखव कुठली दाढ. तिनं तोंड उघडलं. आत एकही दात शिल्लक नाही. आता पुरावा म्हणून काय बघायचं?

३० ऑगस्ट. संध्याकाळ.

माफ केलेलं नाही, हे ठळक लिही. सूड चालूच आहे. सोमवारी तिला सहा अंडी पाठवली, मुद्दाम बारकी. तिनं टोपलीत चीजचा अख्खा गोळा परत पाठवला. हा अपमान मी विसरणार नाही.

शिंगात लेओनीनं लसूण ठेवलाय.

आत्ता गाई आणायला उतारावर गेले. घसा कसा आहे ते बघावं म्हणून सहज हाक घातली. संपलीसुद्धा नव्हती, तर पलीकडून जबाब. अठ्ठेचाळीस वर्षं थांबली, आणि आता मेलीला अर्धा श्वास धीर धरवत नाही.